अंबेची ओटी आणि मेळघाटची माता

नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवीपुढे ओटी भरण्यास सुवासिनींची रीघ लागते. त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, धारणी व चिखलदरा हे मेळघाटचे तालुके आहेत. तेथील कोरकू वस्त्यांतील बालमृत्यूंच्या वार्तांनी १९९३ साली अवघा महाराष्ट्र हळहळला. पावसाळ्यात घरचे धान्य सरत येते, आई शेतावर राबते, अतिसार व न्यूमोनिया बळावतात आणि अर्धपोटी बालकाचा टिकाव लागत नाही. हे दुःख एकट्या मेळघाटचे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे पस्तीस बालकांची वाढ खुंटलेली आढळली.

कुपोषणाचे मूळ पुष्कळदा मातेच्या उपासमारीत असते. हे जाणूनच शासनाने २०१५ साली आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आरंभिली. गर्भवती व स्तनदा मातेस अंगणवाडीत एक वेळचे ताजे, चौरस जेवण मिळावे, हा तिचा हेतू. आमच्या मते हीसुद्धा देवीची ओटीच होय. मात्र सणाची ओटी वर्षातून एकदा भरते. भूक रोज लागते. एका दिवसाच्या अन्नदानाने पुण्य लाभेल, बाळसे धरणार नाही. म्हणून भाविकांनी यंदा घटापुढे एक संकल्प करावा : आपल्या गावच्या अंगणवाडीतील ताट मातेपर्यंत व बालकापर्यंत वेळेवर पोचते की नाही, याची वर्षभर वास्तपुस्त करू. कुमारिकापूजनात आपण जी पावले धुतो, ती भरल्या पोटी चालावीत, एवढे तरी आपल्या हाती आहे.