हाकेला येणारे कुत्रे

साखळी सोडली की कुत्रे ऐकत नाही, अशी तक्रार पुष्कळ मालक माझ्याकडे करतात. माझ्या मते दोष कुत्र्याचा नसतो. पाच-सहा हाका मारूनही ते येत नाही, मालक तापतो आणि शेवटी आल्यावर त्याला फटका देतो. कुत्र्याच्या लेखी ती शिक्षा पळाल्याची नव्हे, आल्याची असते! पुढच्या वेळी ते कशाला येईल?

आधी अंगणात, मग छातीपट्ट्याला १० मीटर दोरी बांधून मोकळ्या माळावर सराव करावा. हाक एकदाच मारावी. आले की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावे. हाक म्हणजे दर वेळी साखळीच, असे त्याला वाटता कामा नये. याला काही महिने लागतात. घाई करणाऱ्यांनी कुत्रे पाळू नये.

रस्त्यावर, शाळेजवळ मात्र शिकलेले कुत्रेही साखळीनेच न्यावे. मोकळे कुत्रे भटक्या कुत्र्यांशी भिडते आणि रेबीज मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. लक्षणे दिसल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून पिलाला तिसऱ्या महिन्यात लस टोचावी, पुढच्या मात्रा पशुवैद्य सांगतील तशा द्याव्यात. माणसाला चावा झालाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना-हळद लावून वाट पाहू नये.