काडतुसांची टंचाई आणि व्यापाऱ्याची नियत

काडतूस ही काही आमच्या वाचकांच्या रोजच्या उलाढालीतली वस्तू नव्हे. परवाना घेऊन बंदुका व काडतुसे विकणारी दुकाने आपल्याकडे मोजकीच, आणि लेथवर राबणाऱ्या कारागीर बंधूंपैकी बहुतेकांनी काडतूस हातातही धरलेले नसेल. तरीही २०२० ते २०२२ या काळात अमेरिकेत काडतुसांचा जो दुष्काळ पडला त्याची हकिकत आम्ही या पानावर मांडत आहोत. माल बाजारातून नाहीसा का होतो, तो नाहीसा असताना दुकानदार कसा वागतो आणि त्याची झळ शेवटी कोणाच्या दारात पोहोचते, हे या एका वस्तूत जितके उघडे पडले तितके साखर-तेलातही पडत नाही.

अमेरिकेत दुकानातून बंदूक घ्यायची तर गिऱ्हाईकाची माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागते. २०१९ साली अशा २ कोटी ८४ लाख तपासण्या झाल्या होत्या. २०२० साली त्या ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण वारा कुठून वाहत होता हे यावरून कळते. त्या वर्षी मार्चमध्ये करोना आला, मे महिन्यात मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉईडचा मृत्यू होऊन शहरे पेटली आणि नोव्हेंबरात निवडणूक होती. माणूस घाबरला. तेथील बंदूक-उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यात प्रथमच बंदूक घेतली. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, कृष्णवर्णीयही पुष्कळ होते. यांतील प्रत्येकाने पन्नासाच्या दोनच पेट्या घेतल्या असे धरले तरी हिशेब ८४ कोटी काडतुसांचा होतो. आणि हे नवे गिऱ्हाईक. जुना शिकारी आणि नेमबाज त्याच्या आधीपासून रांगेत उभाच होता.

आता कारखान्याची बाजू पाहू. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, आतली दारू, पुढची गोळी किंवा छर्रे, आणि बुडाशी बसवलेली टोपी, म्हणजे प्रायमर. घोडा पडला की ही टोपी पेटते आणि तिच्या ठिणगीने दारू. पुंगळी आणि गोळी अनेकजण बनवू शकतात. टोपीचे तसे नाही. तिच्यातला मसाला नुसत्या धक्क्याने फुटणारा, त्यामुळे तिचे काम फार जोखमीचे आहे, आणि नवा कारखाना उभारायला वर्षे लागतात. अमेरिकेत टोपी बनवणारी मोठी नावे चारच होती: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. मागणी शिगेला पोहोचत असतानाच, जुलै २०२० मध्ये, रेमिंग्टनने दिवाळे काढले. तिचा आर्कान्सामधील लोनोक येथील काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने सुमारे ८ कोटी १४ लाख डॉलरला विकत घेतला. फेडरल आणि सीसीआय ही दोन नावे या कंपनीकडे आधीपासूनच होती. म्हणजे चारांपैकी तीन नावे एकाच घरात गेली.

शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या कंपनीपाशी पडून राहिल्या. नऊ मिलिमीटरचे साधे काडतूस, जे करोनापूर्वी वीस सेंटच्या आसपास मिळे, ते तिप्पट भावाने घ्यावे लागले, तेही मिळाले तर. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकन सरकारने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद केले. कारण राजकीय होते, नवाल्नी विषप्रयोगाचे. पण स्वस्त मालाचा एक झरा त्याने आटला.

हा झाला टंचाईचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग दुकानात आणि गिऱ्हाईकाच्या माळ्यावर तयार झाला. ज्याला वर्षाला दोनशे काडतुसे लागत तो दोन हजार घेऊन ठेवू लागला. काहीजण दुकान उघडण्याआधी दारात उभे राहत, आलेला माल उचलत आणि दुप्पट-तिप्पट भावाने पुढे विकत. हे त्यांना नवे नव्हते. डिसेंबर २०१२ मधील न्यूटाउनच्या शाळेतील हत्याकांडानंतर कायदा कडक होणार अशी हवा उठली, तेव्हा .२२ चे काडतूस, जे तिकडे पोरांना नेमबाजी शिकवायला वापरतात, दोन वर्षे धड मिळत नव्हते. कायदा तर फारसा बदललाच नाही. नुसत्या भीतीने कपाटे रिकामी केली.

दुकानदारांत दोन तऱ्हा दिसल्या. एकाने पाटी लावली की माणशी एकच पेटी, आणि भाव खरेदीच्या हिशेबाने ठेवला. दुसऱ्याने माल मागच्या खोलीत ठेवला आणि भाव चढण्याची वाट पाहिली. दुसऱ्याने कायद्याने काही गुन्हा केला नाही. अमेरिकेत माल आपला, भाव आपला. पण आमचे वाचक केवळ कायद्याला जबाबदार नाहीत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साठेबाजी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्माच्या खुत्ब्यात ऐकलेले असते. मात्र व्यापारी मंडळीत एक सोयीची समजूत आहे की एहतिकारची मनाई फक्त धान्याला लागू आहे. इमाम मुहम्मद यांचे मत तसे आहे खरे. पण त्याच हनफी परंपरेत इमाम अबू यूसुफ यांचे मत असे की, जी वस्तू अडवून ठेवल्याने सामान्य लोकांना त्रास होतो ती कोणतीही असो, सोने-चांदी असो वा कापड, तिची साठवण एहतिकारच आहे. फतवा देणे आमचे काम नाही. पण करोनात ज्यांनी मास्क आणि ऑक्सिजनचे सिलिंडर दाबून ठेवले त्यांनी धान्य कुठे दाबले होते?

येथे एक वाचक म्हणेल, गोळ्यांची टंचाई झाली तर बरेच झाले की! तेवढे मुडदे कमी पडतील. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण आकडे उलटे बोलतात. ज्या २०२० साली कपाटे रिकामी होती त्याच वर्षी अमेरिकेत खुनांचे प्रमाण एफबीआयच्या आकड्यांनुसार जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले. खून करणाऱ्याला मूठभर काडतुसे पुरतात. शेकड्यांनी लागतात ती सराव करणाऱ्या नेमबाजाला. टंचाईने हात बांधले ते सरळ गिऱ्हाईकाचे. शस्त्राच्या व्यापारावर आपल्या फुकहांनी जी अट घातली ती वेगळ्या जागी आहे: फितन्याच्या काळात फितना माजवणाऱ्याला, तो तसा आहे हे माहीत असताना, शस्त्र विकू नये. म्हणजे किती विकले यापेक्षा कोणाला विकले, हा प्रश्न.

२०२२ मध्ये भाव उतरले, पण किस्सा तेथे संपला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिस्टाने दुकानदारांना कळवले की आता दारूचा जगभर तुटवडा येणार, भाव जानेवारी २०२४ पासून वाढतील. युक्रेनच्या लढाईत तोफा इतकी दारू खात होत्या की नागरी काडतुसाला ती पुरेना. धूरहीन दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो कापसापासून: सरकीला चिकटून राहणारा जो आखूड तंतू तेलगिरणीत खरवडून काढतात, त्यापासून. खानदेश-वऱ्हाडातल्या सरकीच्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. युरोपातले शस्त्र-कारखानदार या तंतूसाठी चीनकडे तोंड करून बसले आणि त्याबद्दल उघड कुरकुरले. २०२४ च्या नोव्हेंबरात व्हिस्टाचा सगळा काडतूस-विभाग चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्राग येथील कंपनीने सुमारे २२० कोटी डॉलरला घेतला. अमेरिकन शिकाऱ्याची टोपी आता युरोपातल्या मालकाच्या हातात आहे.

आपल्याकडे नळी याहूनही अरुंद. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि परवानाधारकांची बारा बोअरची काडतुसे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः तेथूनच आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी आणि वरणगाव दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. पाटी बदलली, परवानाधारकाने वर्षाला किती काडतुसे घ्यावीत हे मात्र परवान्यावरच लिहिलेले असते. त्यामुळे अमेरिकेसारखी झुंबड येथे उडत नाही. माल आला नाही तर शेतकरी रानडुकरांकडे बघत बसतो.

आणि येथे आमच्या कारागीर बंधूंचा संबंध येतो. काडतूस दुकानात मिळेनासे झाले की कोणीतरी ओळखीचा माणूस रिकाम्या पुंगळ्या घेऊन लेथवाल्याकडे येतो. भरून दे म्हणतो. किंवा आजोबांची बंदूक आणतो, घोडा अडकतो, तेवढा घासून दे. काम तासाभराचे, पैसे चांगले, माणूस गल्लीतला. पण शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय बनवणे आणि विकणे जसे येते तसे दुरुस्त करणेही येते, आणि बंदुकीबरोबर काडतूसही येते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे होती. आता किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. पुंगळीचा मालक म्हणेल मला माहीत नव्हते. लेथ तुमच्या नावावर आहे.

बिहारमधील मुंगेरचे उदाहरण समोर आहे. नवाब मीर कासिमने १७६० च्या दशकात तेथे राजधानी नेऊन शस्त्रांचा कारखाना घातला, आणि ती कारागिरी घराण्यांतून टिकली. तेथे परवाना असलेले बंदुकांचे कारखाने होते, काही अजून आहेत. पण परवाने कमी निघू लागले, दुनळी बंदुकीचे गिऱ्हाईक आटले, आणि कसबी हात रिकामे झाले. त्यांतले काही चोरट्या पिस्तुलांकडे वळले. आज मुंगेर म्हटले की लोकांना कारागिरी आठवत नाही, पोलिसांचे छापे आठवतात. सरळ काम करणाऱ्याचेही नाव त्यात गेले. सरकारने या कसबी हातांना दुसरे काम द्यायला हवे होते, ही तक्रार रास्त आहे आणि आम्ही ती करतो. पण गल्लीतल्या लेथवाल्याच्या वकिलाला कोर्टात ती उपयोगी पडणार नाही.

२०१९ च्याच कायद्याने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ज्या घरात वडिलोपार्जित तिसरी बंदूक अजून कपाटात आहे त्यांची मुदत १३ डिसेंबर २०२० रोजीच संपली. अशी बंदूक घेऊन कोणी दुरुस्तीला आला तर हात लावू नये. परवानाधारक दुकानदाराचा पत्ता द्यावा, आणि पुंगळ्या आणल्या असतील तर त्या त्याच्याच पिशवीत परत टाकाव्यात, आपल्या भंगाराच्या डब्यात नव्हे.