मोटार जळाली की ऑपरेटरला का धरता?

गावाचं पाणी तीन दिवस बंद राहिलं की कारण ठरलेलं असतं: 'मोटार जळाली.' मग पंप ऑपरेटरला शिव्या, वीज कंपनीला शिव्या, टँकरसाठी धावपळ आणि रिवायंडिंगचं बिल. महिन्याभरात पुन्हा तेच. मी पॅनेलच्या कामातला माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो. अशा कित्येक वेळा मोटार बिचारी शेवटची बळी असते. दुखणं पॅनेलच्या तळाशी बसवलेल्या छोट्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं.

मोटारीला वीज जोडणारा आणि तोडणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. त्याच्या आतली कॉईल लोहचुंबकासारखी काम करते. ही कॉईल एसीवर असेल तर ओढून घेताना लागणारी ताकद आणि नंतर नुसतं धरून ठेवताना लागणारी ताकद यात दहापट फरक पडू शकतो. मध्यम आकाराच्या कॉन्टॅक्टरला ओढताना साधारण २०० व्होल्ट-अँपिअर (व्हीए) लागतात, धरायला २०.

आता हिशोब करा. पंपहाऊसवर तीन पंप, तिन्ही स्टार-डेल्टा. चालू पंपामागे दोन कॉन्टॅक्टर धरलेले, म्हणजे सहा. सहा गुणिले वीस, १२०. दिवे, टायमर, रिले धरून १५०. ठेकेदार म्हणतो, २०० चा ट्रान्सफॉर्मर पुरे! कागदावर बरोबर दिसतं.

पण दोन पंप चालू असताना तिसरा सुरू होतो तेव्हा काय? धरलेले चार म्हणजे ८०, आणि जवळजवळ एकाच वेळी ओढले जाणारे दोन म्हणजे ४००. वरचे ३० धरून ५१०. आणि लाईट जाऊन आल्यावर तिन्ही पंप ऑटोवर एकदम उठले तर? १२३०! हे सगळं २०० च्या डब्यावर. ट्रान्सफॉर्मर क्षणभर जादा भार सोसतो हे खरं, पण व्होल्टेज पाडून सोसतो.

इथेच घोडं अडतं. आयएस/आयईसी ६०९४७-४-१ या मानकाप्रमाणे कॉन्टॅक्टरने ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढलं पाहिजे. ११० व्होल्टच्या कॉईलला ही हद्द ९३.५ येते. आपल्याकडे ४१५ च्या जागी ३७० व्होल्ट आले की कंट्रोलला आधीच ९८ च मिळतात. त्यात मोटार सुरू होतानाचा झटका आणि लहान ट्रान्सफॉर्मरची घसरण. उरलं काय?

मग कॉन्टॅक्टर तडतडतो. पुरता बसला नाही की कॉईल जादा करंट ओढत राहते आणि जळते. मेन कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खातात, कधी चिकटतात. एक फेज नीट लागत नाही, मोटार दोन फेजवर कण्हत राहते आणि सिंगल फेजिंगचं संरक्षण बायपास केलेलं असेल तर संपली. वर पंप धाडकन बंद पडल्याने लाईनला दणका बसून गळती सुरू होते, ती वेगळीच.

काही जण म्हणतील, टाका मग सरळ दोन हजारचा. तसंही नको. उगाच मोठा टाकला की शॉर्ट सर्किटचा करंट वाढतो, फ्यूज-एमसीबी त्या मापाचे लागतात. त्यापेक्षा प्रत्येक पंपाला वेगळा टायमर लावा, म्हणजे लाईट आल्यावर पंप एकामागून एक उठतील. १२३० चं काम ५१० वर येतं. त्या क्षणाच्या भाराला व्होल्टेज पडणार नाही असा ट्रान्सफॉर्मर कॅटलॉग बघून निवडा. रिवायंडिंगच्या एका बिलापुढे हा फरक किरकोळ आहे.

जलजीवन मिशनने २०१९ पासून घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं. पण ते पाणी शेवटी या डब्यावर अवलंबून आहे, आणि अंदाजपत्रकात बहुतेक वेळा 'पॅनेल बोर्ड, संपूर्ण, एक नग' एवढीच ओळ असते. मग सर्वात कमी दर भरणारा कुठे वाचवणार? जिथे कोणाचं लक्ष नाही तिथेच.

म्हणून माझं म्हणणं: योजना ताब्यात घेण्याआधी ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. एक, कंट्रोल सप्लायच्या हिशोबाचं पान, ओढण्याचे आकडे धरून. दोन, बाकीचे पंप चालू ठेवून शेवटचा पंप सुरू करताना कॉईलच्या टोकांवर मोजलेलं व्होल्टेज, सहीनिशी. तीन, कॉन्टॅक्टर बदलताना दुसऱ्या कंपनीचा बसवला तर पुन्हा हिशोब, कारण कॉईलचे आकडे बदलतात.

यासाठी इंजिनिअर असायला लागत नाही. पान मागायला आवाज लागतो. ते पान कोणी दाखवू शकलं नाही, तर पुढच्या वेळी मोटार जळेल तेव्हा तुटपुंज्या मानधनावर रात्री-अपरात्री पंपहाऊसवर जाणाऱ्या त्या पोराला तरी बोल लावू नका.