फॉर्म आम्ही भरायचा, विषय कोण ठरवणार?

मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडं क्रेनच्या हुकाला साखळ्या अडकवतो, रात्री कविता लिहितो. एम. ए. कशाशी खातात मला ठाऊक नव्हतं. सोनारीहून चुलत बहिणीचा फोन आला, ‘‘दादा, बी. ए. झाले. आता कुठं कुठं फॉर्म टाकू, सांग की.’’

आमच्या भावकीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. आमच्यात विचारतात, यंदा कोयता कुठल्या कारखान्याला?

तिला ऊसतोडीच्या बायांवर लिहायचंय. विषय पुस्तकात शोधला नाही, चुलतीच्या तळहातावर सापडला.

सल्ले ढिगानं. एक पुढारी म्हणाला, पोलीस भरती बघ. दुसरा आपलाच, शिकलेला. म्हणाला, घराजवळचं बघा. साहेब, तुमची पोरगी कुठं शिकते? घराजवळ?

घराजवळ धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे. चांगलंच आहे. पण २०१८ च्या फेब्रुवारीत वसतिगृह-मेसच्या फीची सवलत काढली म्हणून याच पोरापोरींना मुंबई-हैदराबादच्या पोरांबरोबर संप करावा लागला. म्हणजे आपण कॉलेज निवडताना आधी अभ्यासक्रम नाही, मेसचं बिल वाचायचं.

मग परदेश. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. २०२२ साली जागा १२५, त्यात अनुसूचित जातींना ११५. अख्ख्या देशातून! आणि त्याच फेब्रुवारीत नियम निघाला : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातला समाज, या विषयांना पैसा नाही. कारण काय, तर त्याचा अभ्यास इथंच चांगला होतो.

नीट वाचा. ९ मे १९१६ ला कोलंबियात गोल्डनवायझरच्या वर्गात बाबासाहेबांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. १९१५ चा एम. ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर अन् वित्तावर. बडोदा संस्थानाचे महिना साडेअकरा पौंड मिळत होते. तेव्हा हा नियम असता तर एखाद्या कारकुनानं शेरा मारून फॉर्म परत केला असता : विषय बसत नाही.

इंजिनिअर व्हा, औषधं शोधा, खुशाल जा. पण जगासमोर जातीचं नाव काढू नका. गावची भांडणं गावात, हा पाटलाचा जुना कायदा. दिल्लीनं तो इंग्रजीत टाइप केला, एवढंच.

बहीण म्हणाली, ‘‘दादा, विषय बदलू का? बँकिंगवर लिहिते.’’ मी फोनवर ओरडलो. नंतर लाज वाटली. वाण्याची उधारी तिच्या घरी आहे, माझ्या कवितेत नाही. विषय तिचा, निर्णय तिचा. पण तो शिष्यवृत्तीच्या धाकानं होऊ नये, एवढ्यासाठी भांडायचं.

आणि तुम्ही? चेंबूर, वरळी, नायगावातले पदवीधर? ‘उद्देशपत्र’ कसं लिहायचं, शिफारसपत्र कुणाकडं मागायचं, फी माफ कशी करून घ्यायची, हे तुम्हाला येतं. शिकलात अन् किल्ली खिशात टाकून बसलात. बामणानं विद्या कोंडली म्हणून सभेत बोंबलता, मग हे काय?

दोन फॉर्म इथले भरायचे ठरलेत. तिसरा बाहेरचा, शिष्यवृत्तीशिवाय. त्याच्या फीसाठी मी ओव्हरटाइम धरलाय. उद्देशपत्र मला लिहिता येत नाही. रविवारी पाळी नाही. तिच्याबरोबर परांड्याच्या आणखी दोघी येतायत. ज्याला येतं त्यानं खोलीवर यावं. चहा माझा.