फिरत्या घरांतील वीज

घरच चाकांवर चढवून प्रवासास निघण्याची हौस आपल्याकडेही आतां रुजूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हान-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हांपासून आमच्या वाचकांच्या पत्रांतूनही कॅम्पर व्हॅनचा उल्लेख अधूनमधून येऊं लागला आहे. या पत्रांत पडदे कसे शिवावे, भांडीं कोठें ठेवावीं, मुलांना कोठें निजवावें यांची पुष्कळ चर्चा असते. विजेचा विचार मात्र बहुधा ती गेल्यावरच सुचतो.

पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र या दृष्टीनें आम्हांस इतकें महत्त्वाचें वाटलें कीं, या महिन्याचें सबंध पान त्यालाच देण्याचें आम्हीं ठरविलें. त्यांचें एकत्र कुटुंब व्हॅन घेऊन गुहागरास गेलें होतें. गाडींत १२ व्होल्टांची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, तिच्यावर २००० वॅटांचा इन्व्हर्टर आणि छपरावर सौरपट्ट, असा चोख सरंजाम. सकाळीं बाईंनीं चहाच्या आधणासाठीं विजेची किटली लावली. इतक्यांत जाऊबाईंनीं चटणीसाठीं मिक्सर फिरविला, आणि इन्व्हर्टर एकदां किंचाळून गप्प झाला. चहा गॅसवर झाला, मंडळी समुद्रावर गेली. सासूबाईंच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या ज्या फ्रिजमध्यें होत्या, तो फ्रिजही त्याच इन्व्हर्टरवर चालत होता, ही गोष्ट दुपारीं ध्यानांत आली! या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावयाच्या असतात, हें ज्यांच्या घरीं मधुमेह आहे त्यांस सांगावयास नकोच.

आतां थोरल्या दिरांचें म्हणणें असें कीं, इन्व्हर्टर ३००० वॅटांचा आणावा, २०० अँपिअरचा फ्यूज काढून ३०० चा बसवावा. तारा जाड आहेतच, त्या असूं द्याव्या. बाईंचा प्रश्न एवढाच कीं, बॅटरी तर काठोकाठ भरलेली होती, मग झालें काय? आणि भाऊजींचा उपाय करावा कीं नाहीं?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर हौद आणि तोटी यांच्या भेदांत आहे. बॅटरी हा हौद. या बाईंच्या हौदांत सुमारें २५६० वॅट-तास वीज मावते. एक लिटर पाण्याला उकळी आणण्यास शंभर वॅट-तासांच्या आसपास वीज लागते, म्हणजे हौदाचा पंचविसावा हिस्सादेखील नाहीं. वीज तेव्हां मुबलक होती. पण ती एका क्षणीं किती वेगानें काढावी याला तोटीची मर्यादा आहे, आणि ती वॅटांत सांगतात. किटलीचे १५०० वॅट, मिक्सरचे ७५० आणि फ्रिजचे ६०, मिळून २३१० झाले. इन्व्हर्टरची शक्ति २०००. त्यांतून मिक्सर, फ्रिज यांसारखीं मोटरवर चालणारीं यंत्रें सुरू होतांना क्षणभर कित्येक पट वीज ओढतात. इन्व्हर्टरच्या खोक्यावर दुप्पट वॅटांचा आंकडा ठळक छापलेला असतो, तो याच क्षणापुरता. त्यावर विसंबून स्वयंपाक करूं नये. गुहागरचा इन्व्हर्टर बिघडला नव्हता. त्यानें आपलें काम केलें, आणि तें केलें म्हणूनच कुटुंब एवढ्यावर निभावलें.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्हांस स्पष्ट नकार द्यावा लागतो, आणि वडीलधाऱ्यांचा मान राखूनही तो बदलतां येत नाहीं. घरीं विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तेथें १५०० वॅटांची किटली साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. व्हॅनमध्यें तीच किटली लावल्यास बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांतून, इन्व्हर्टरची घट धरून, सुमारें १३० अँपिअर वाहतात. प्रवाह वीसपट झाला. आणि तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं मांडला. म्हणजे तीच तार असल्यास उष्णता चारशें पट! घरच्या गीझरची ४ चौरस मिलिमीटरची तार येथें दोन मीटर अंतरावर, जातांना एक व येतांना एक, अशी लावली तर तिच्यांत ३०० वॅटांहून अधिक उष्णता होईल. लांकडी फळ्या, फोम आणि पडदे यांच्या आडून ही शेगडी पेटत राहील, आणि वर मुलें निजलेलीं असतील.

बाईंच्या व्हॅनमधील तारा ५० चौरस मिलिमीटरच्या आहेत, हें चांगलें आहे. त्यांत १३० अँपिअरला सुमारें २६ वॅटच उष्णता होते. परंतु ३००० वॅटांचा इन्व्हर्टर भर जोरांत चालला कीं प्रवाह २६० अँपिअर होईल आणि उष्णता दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे शंभरावर जाईल. अशा वेळीं २०० अँपिअरचा फ्यूज वितळून प्रवाह तोडतो. ३०० चा फ्यूज स्वस्थ पाहत बसेल. फ्यूज हा यंत्राचा रखवालदार नसून तारेचा आहे, आणि तारेच्या सोसण्यावरूनच तो निवडावयाचा असतो. जुन्या वाड्यांतून चिनी मातीच्या फ्यूजमध्यें, वारंवार उडतो म्हणून, तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. भाऊजींची सूचना त्याच जातीची आहे. शिवाय लिथियम बॅटरीच्या पोटांत तिची स्वतःची संरक्षक यंत्रणा असते. एवढ्या बॅटरींत ती पुष्कळदां २०० अँपिअरच्या आसपासच प्रवाह तोडते. मग पैसे खर्चून इन्व्हर्टर मोठा केला तरी अंधार पूर्वीहून अधिक, कारण दिवेही जातील.

करावयाचें काय, तर आधीं फ्रिज इन्व्हर्टरवरून काढावा. १२ व्होल्टांवर थेट चालणारे फ्रिज मिळतात. त्याला स्वतंत्र तार व स्वतंत्र लहान फ्यूज द्यावा, म्हणजे चहापायीं औषध उबणार नाहीं. किटली ६०० वॅटांची घ्यावी. आधणास चार मिनिटांऐवजीं दहा लागतील, वीज जवळजवळ तितकीच जाईल, पण तोटीवरचा भार निम्म्याहून कमी होईल. बहुतेक सुगृहिणी आमच्याशीं सहमत होतील कीं, दहा मिनिटें थांबल्यानें चहा बिघडत नाहीं. सर्वांस घाई असेल तर गॅस आहेच; खिडकी मात्र उघडी असावी. प्रत्येक यंत्राचे वॅट त्याच्या बुडाशीं लिहिलेले असतात. ते एका कागदावर उतरून कागद ओट्यापाशीं चिकटवावा, आणि कोणत्याही वेळीं चालूं असलेल्या यंत्रांची बेरीज १६०० च्या पुढें जाऊं देऊं नये. घरांत बायकामाणसें चार असलीं कीं "मी किटली लावतें आहें" असें मोठ्यानें म्हणण्याची संवय या कागदाहूनही उपयोगी पडते.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्य तितका निकट असावा. इन्व्हर्टरपाशीं बसविला तर मधली तार बेवारशी राहते. तसेंच घरच्या फलकांतील एम्‌सीबी बॅटरीच्या बाजूस लावूं नये. घरची वीज सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येते, त्यामुळें तेथील ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह एकसारखा असतो, ठिणगी धरून राहते. तेथें डी.सी.साठीं बनविलेलेंच उपकरण हवें.

पत्राच्या शेवटीं बाई विचारतात कीं, छपरावर आणखी एक सौरपट्ट घातला तर काम भागेल काय? सौरपट्ट हौद भरतो, तोटी रुंद करीत नाहीं. चार दिवस एके जागीं मुक्काम करावयाचा असेल तर जरूर घालावा, या कामासाठीं नव्हे. आणि मोठा इन्व्हर्टर घेऊन झालाच असेल, तर बॅटरी २४ व्होल्टांची करावी लागेल. त्यानें प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारा पुरतात; पण तो इन्व्हर्टरही २४ व्होल्टांचाच पाहिजे, म्हणून दुकानदाराकडे परत करतां येतो कीं काय तें आजच पाहावें.

घाटांतून गाडी हादरत येते, तेव्हां तारांच्या टोकांचे नट सैल होतात. सैल सांध्यांत एक सहस्रांश ओहमच्या पांचपट जरी अडथळा झाला, तरी १३० अँपिअरला त्या चिमूटभर जागेंत ८० वॅटांहून अधिक उष्णता सांठते, आणि प्रवाह वाढलेला नसल्यामुळें फ्यूजला तिचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून लांबच्या प्रवासानंतर किटली दहा मिनिटें चालवावी, बंद करावी, आणि सांध्यांजवळ तारेच्या वेष्टनावरून हात फिरवावा. एखादी जागा इतरांहून ऊन लागली तर तेथील नट आवळावयाचा आहे. आवळण्यापूर्वीं बॅटरीचा मुख्य खटका बंद करावा आणि हातांतल्या अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्या. १२ व्होल्टांचा झटका बसत नाहीं हें खरें, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्यें अडकलेली सोन्याची अंगठी क्षणांत लाल होते, आणि ती बोटांतून निघत नाहीं.