खाटेला पैसा, दवाखान्याची उपेक्षा

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. डोंबिवलीच्या किंवा सांगलीच्या एखाद्या घरात सत्तरीच्या आजोबांना धाप लागते. घरात पाच लाखांचे विमा कार्ड असते, मोबाईलमध्ये तीन मोठ्या रुग्णालयांचे क्रमांक असतात. नसतो तो एकच क्रमांक, वीस वर्षे या घराची नाडी जाणणाऱ्या डॉक्टरांचा. रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभागाचे दार उघडते. परंतु आजोबांना पूर्वी कोणते औषध सोसले नव्हते, हे सांगणारे तेथे कोणीही नसते.

दोन खोल्यांचा दवाखाना, एक कंपाउंडर, बाहेर लाकडी बाकडे आणि आत सर्वांना नावानिशी ओळखणारे डॉक्टर, ही महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची खरी आरोग्यव्यवस्था होती. ताप, खोकला, लसीकरण, रक्तदाब, मधुमेह हे सारे तेथेच पाहिले जाई. सुनेचा अशक्तपणा आणि सासऱ्यांची साखर एकाच नजरेत येई. कोणाला मोठ्या डॉक्टरांकडे धाडायचे आणि कोणाला दोन दिवस केवळ थांबायला सांगायचे, हा विवेक हीच त्या दवाखान्याची मोठी सेवा होती.

हा दवाखाना आज आपोआप मिटत चाललेला नाही. धोरणाने आणि समाजाच्या बेफिकिरीने तो मिटवला जात आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी आजही किमान २४ तासांच्या भरतीभोवती उभ्या आहेत. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च हवा असेल तर बहुधा वेगळा हप्ता भरावा लागतो. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. गरिबाच्या घरावरचे कर्जाचे संकट तिने टाळले, हे निर्विवाद. परंतु तीही मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठीच आहे. परिणाम काय? मधुमेह्याचे मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसला पैसा मिळतो. ते निकामी होऊ नये म्हणून महिन्यामागून महिना साखर, रक्तदाब आणि पाय तपासणाऱ्या डॉक्टरांची फी मात्र रुग्णाच्या खिशातून जाते. आग लागल्यावर बंब पाठवणारी, पण ठिणगी विझवणाऱ्याला छदामही न देणारी ही कोणती व्यवस्था?

कोणी म्हणेल, सरकारी आरोग्य मंदिरे आहेतच. ती हवीतच, अधिक सक्षम हवीत. परंतु शहरातील चाकरमानी सायंकाळी कामावरून परतताना पायरी चढतो ती गल्लीतल्या खासगी दवाखान्याची. एप्रिल २०२० मध्ये धारावीत कोरोना पसरला, तेव्हा महापालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर घरोघर तपासणीला उतरले ते खासगी डॉक्टरच. संकटात ज्यांना हाक मारली, त्यांना संकट सरल्यावर विसरायचे काय?

गाळ्याचे भाडे, जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, नोंदवह्या आणि खटल्याची टांगती तलवार हे सारे डॉक्टरांना एकट्यानेच वाहावे लागते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. रुग्णाला दाद मागता आलीच पाहिजे. पण कॉर्पोरेट रुग्णालयाकडे वकिलांची फौज असते; छोट्या दवाखान्याचे डॉक्टर तारखेला गेले की दवाखान्याला कुलूप लागते.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २००२ सालीच 'फॅमिली मेडिसिन'च्या तज्ज्ञांची गरज मांडली होती. तरीही वैद्यकीय महाविद्यालयांतील या विषयाच्या पदव्युत्तर जागा अत्यल्पच आहेत. विद्यार्थी घडतो विशेषज्ञांच्या सावलीत. साहजिकच 'नुसते एमबीबीएस' राहणे त्याला अपयश वाटते. ब्रिटनने १९४८ साली आपली आरोग्यसेवा उभारली ती गल्लीतल्या डॉक्टरला व्यवस्थेचा उंबरठा मानून. येथे मात्र उंबरठाच उखडून थेट माडीवर चढण्याची घाई झाली आहे.

डॉक्टरांचाही दोष आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. गरज नसताना टोचलेले इंजेक्शन, उगाच लावलेले सलाईन आणि रुग्ण पाठवल्याबद्दल घेतलेली टक्केवारी यांनी पिढ्यांचा विश्वास पोखरला. ज्याने 'कट' घेतला, त्याने आपल्याच व्यवसायाच्या मुळावर घाव घातला. पण विश्वास काय एकाच बाजूने तुटला? हॉटेलात हजार रुपये सहज मोजणारे कुटुंब डॉक्टरांच्या तीनशे रुपयांसाठी घासाघीस करते, मोबाईलवर फुकट सल्ला मागते आणि इंटरनेट वाचून त्यांच्याशी वाद घालते.

उपाय अशक्य नाहीत. विम्यात कुटुंबवैद्याची वार्षिक फी समाविष्ट व्हावी. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात फॅमिली मेडिसिनचा विभाग असावा. छोट्या दवाखान्याच्या सर्व परवानग्या एकाच ठिकाणी मिळाव्यात. टक्केवारी घेणाऱ्यावर आणि देणाऱ्यावरही कठोर कारवाई व्हावी. आणि प्रत्येक कुटुंबाने आजारपणाची वाट न पाहता एक डॉक्टर निवडावा, त्यांच्याकडे आपल्या साऱ्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यांची योग्य फी सन्मानाने द्यावी.

रुग्णालये पैशाने उभी राहतात. घराला ओळखणारा डॉक्टर मात्र वीस वर्षांच्या सहवासातून घडतो. गल्लीतला तो दवाखाना एकदा बंद झाला, तर रात्री अकरा वाजता कितीही मोठ्या रकमेचे कार्ड काढले तरी तो उघडणार नाही.