जुन्या नावांना निरोप देताना
(द्वितीय वर्ष, कला)

नवे आले की जुने टाकून द्यावे, यालाच प्रगती म्हणतात, अशी आज पुष्कळांची समजूत आहे. संगणकाच्या जगात तर ती फारच पक्की. परंतु त्याच जगातील एका जुन्या प्रोग्रॅमने या समजुतीला चोख उत्तर दिले आहे. ते कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे, असे मला वाटते.

ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा व दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९७६ साली त्याचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने लिहिलेला 'ग्नू ईमॅक्स' १९८५ साली लोकांपुढे आला आणि तो आजही वापरात आहे. त्यात प्रत्येक कामाच्या आज्ञेला नाव असते. नाव टंकले की काम होते. एवढ्या वर्षांत कित्येक नावे बदलावी लागली. मजकूर फक्त वाचण्यापुरता ठेवण्याची आज्ञा पूर्वी 'टॉगल-रीड-ओन्ली' होती. २०१३ सालच्या २४.३ या आवृत्तीत तिच्या जागी 'रीड-ओन्ली-मोड' आली.

मग जुन्या नावाचे काय झाले? ते तडकाफडकी पुसले नाही. त्यावर 'कालबाह्य' असा शेरा मारला आणि शेजारी दोन गोष्टी नोंदवल्या : नवे नाव कोणते आणि बदल कोणत्या आवृत्तीपासून. जुने नाव वापरून कोणी प्रोग्रॅम लिहिला असेल तर तो चालतो. मात्र तो संकलित करताना सूचना मिळते. आज्ञेची दोन अक्षरे टंकून टॅबची कळ दाबली, की ईमॅक्स पुढची नावे सुचवतो. आधीच्या मुख्य आवृत्त्यांत कालबाह्य ठरलेली नावे त्या यादीत येत नाहीत. पूर्ण नाव टंकावे लागते. चालू आवृत्तीत बाद झालेली मात्र यादीत दिसतात. नवख्याला जुने शिकवायचे नाही आणि जाणत्याला दारातून परत पाठवायचे नाही, असा हा शहाणपणा आहे.

याचे मोल आमच्यासारख्यांना अधिक. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आमच्या हाती पुस्तक येते ते वरच्या वर्गातल्या मुलाने वापरलेले. त्यात नावे जुनीच असतात. गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पडद्यावरची नावे एक आणि हातातल्या माहितीपत्रकातली दुसरीच, असा प्रकार झाला. कोणते नाव कशाच्या जागी आले, हे सांगणारी एक ओळही तिथे नव्हती. ज्यांच्या घरी जाणते आहेत त्यांनी विचारून घेतले. आम्ही कोणाला विचारावे?

कोणी म्हणेल, मग जुने ओझे जन्मभर वाहायचे काय? मुळीच नाही. जुनी नावे सांभाळायलाही कष्ट पडतात, आणि ईमॅक्समधूनही फार जुनी नावे अखेर काढून टाकतात. माझा आग्रह क्रमापुरता आहे. आधी सूचना द्यावी, पर्याय सांगावा, पुरेसा अवधी द्यावा आणि मगच निरोप द्यावा.

संगणकावरील अर्ज असो, अभ्यासक्रम असो वा कचेरीतील नमुना असो, नाव बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढे तरी करावे. नव्या पाटीखाली जुने नाव लिहायला एकच ओळ लागते. ती नसली, तर लांबून आलेला माणूस बरोबर दारापुढे उभा राहूनही परत जातो.